प्रोजेक्टरला डिश, स्टिक, लॅपटॉप जोडताय? आधी आवाज कुठून काढायचा ते ठरवा

मागच्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या मावसभावाचा रविवारी सकाळी सकाळी फोन. "दादा, प्रोजेक्टर बसवला, चित्र लई भारी, पण आवाज डोक्यावरून यायलाय बघ." चहा पिऊन गेलो. हॉलमध्ये सोफ्याच्या मागे छताला प्रोजेक्टर टांगलेला, त्याच्याच मागे फायर स्टिक (नेटवरचे सिनेमे दाखवणारी काडी) खोचलेली, आणि समोर पडद्याखाली नवाकोरा साउंडबार नुसता लाल दिवा लावून गप्प. पडद्यावर हिरोईन समोर रडायलीय आणि हुंदके आपल्या टाळूवरून ऐकू यायलेत, त्यात प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर वेगळी.

टीव्ही वापरून हात बसलेल्या माणसाचं इथंच चुकतं, माझंही चुकलं होतं. टीव्हीत चित्र आणि आवाज एकाच डब्यातून निघतो, डिश खाली ठेवली, एक वायर खोचली, विषय संपला. प्रोजेक्टर मात्र तुमच्या मागे, चित्र समोर आणि स्पीकरपण समोरच पाहिजेत, म्हणजे चित्र तेवढं वर पाठवायचं आणि आवाज खालीच ठेवून घ्यायचा. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं खोचाखोचीचं काम आहे. म्हणून मी इथं आधी आवाजाचं सांगतो, मग वायरीचं, मग डिश, स्टिक, लॅपटॉप अशा एकेका डब्याचं.

टांगायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो

पहिलं काम म्हणजे प्रोजेक्टर वर जायच्या आधी त्याच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. एकदा का तो छताला गेला की स्टुलावर चढून मान वाकडी करून वाचावं लागतं आणि तरी अक्षरं उलटी दिसतात, कारण छताला तो उलटाच टांगतात.

मागे काय काय असतं? एचडीएमआय एक किंवा दोन, ही आपली मेन लाईन, चित्र आणि आवाज दोन्ही याच्यातूनच जातं. खाच सगळीकडे सारखीच दिसते पण आतली ताकद वेगळी असते, २००९ च्या १.४ आवृत्तीत ४के (३८४० बाय २१६० ठिपक्यांचं) चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जातं, २०१३ च्या २.० मध्ये ६० फ्रेम जातात, २०१७ मध्ये २.१ आलं ते मुख्यतः गेम खेळणाऱ्यांच्या कामाचं. कुठल्या खाचेत काय आहे ते प्रोजेक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. एखाद्या एचडीएमआयच्या शेजारी एआरसी (त्याच वायरीतून आवाज उलटा परत पाठवायची सोय) लिहिलेलं असेल तर ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यूएसबी पण असते पण तिच्या नादी लागू नका. काही प्रोजेक्टरांत ती पेनड्राईव्ह वाचते, काहींत फक्त ५ व्होल्ट पॉवर देते, काहींत नुसती सर्व्हिसवाल्यासाठी असते. मोबाईलची चार्जिंगची वायर त्यात घातली म्हणून मोबाईलचं चित्र पडद्यावर येत नाही, हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारलाय. मग एव्ही इन, एकतर पिवळी-लाल-पांढरी भोकं किंवा हेडफोनसारखं एकच बारीक भोक. जुन्या प्रोजेक्टरला निळं १५ पिनांचं व्हीजीए असतं, ते १९८७ पासूनचं आहे आणि त्यातून आवाज जातच नाही. आणि शेवटी ऑडिओ आउट, हेडफोनचं भोक, कधी ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून आवाज नेणाऱ्या वायरीचं भोक.

अजून एक. खोक्यावर ४के सपोर्टेड असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तो ४के सिग्नल आत घेतो एवढाच, दाखवतो मात्र स्वतःच्या पॅनेलच्या औकातीप्रमाणे, म्हणजे १९२० बाय १०८० किंवा स्वस्तातल्यात १२८० बाय ७२०. माहितीच्या कागदावर नेटिव्ह रेझोल्यूशन शोधा, तोच खरा आकडा. तो १०८० असेल तर ४के डबा, ४के वायर यांच्यावर पैसे उडवायचं कारण नाही, राहिलेल्या पैशात चांगले स्पीकर येतात.

आता आवाज

सगळ्यात चांगला रस्ता असा की खाली पडद्याजवळच्या कपाटात एव्ही रिसीव्हर (सगळे डबे आत घेऊन स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) किंवा असा साउंडबार ठेवायचा ज्याला एचडीएमआय इन आहे. डिश, स्टिक, गेम, लॅपटॉप सगळे त्याच्यात जाणार, आवाज तो स्वतः काढून घेणार आणि चित्राची एकच वायर वर प्रोजेक्टरला जाणार. दहा डबे असू द्या नाहीतर दोन, वर जाणारी वायर एकच.

पण साउंडबार घेताना इथं फसायला होतं. बऱ्याच साउंडबारला एकच एचडीएमआय असतं आणि त्याच्यावर एआरसी लिहिलेलं असतं. दुकानदार सांगतो एचडीएमआय हाय की ओ. आहे, पण ते टीव्हीकडून परत येणारा आवाज घेण्यापुरतं आहे, त्यात डिश खोचली तर काही होणार नाही. मावसभावाचा अगदी तसलाच होता, आणि त्याच्या प्रोजेक्टरला एआरसी नव्हतं, म्हणून तो बिचारा लाल दिवा लावून बसला होता.

अशा वेळी दुसरा रस्ता. एक छोटा डबा मिळतो, एचडीएमआय स्विच विथ ऑडिओ आउट म्हणून मागायचा, काही जण ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. तीन-चार डबे आत जातात, एक एचडीएमआय वर प्रोजेक्टरला निघते आणि आवाज ऑप्टिकल किंवा लाल-पांढऱ्या वायरीने बाजूला काढून मिळतो. ऑप्टिकल साउंडबारला द्या. घरात दहा वर्षांपूर्वीचं पाच स्पीकर आणि एक वूफरवालं होम थिएटर धूळ खात पडलेलं असेल तर त्याला लाल-पांढरी द्या, भंगारात घालू नका. या डब्यावर एक बारीक सरकबटण असतं, पास, २ सीएच, ५.१ असं काहीतरी लिहिलेलं. आवाज आला नाही तर ते २ सीएचवर, म्हणजे साध्या दोन स्पीकरच्या आवाजावर करा. कारण असं आहे की स्टिक पहिल्यांदा विचारते समोर कोण आहे, पासवर ठेवलं तर उत्तर थेट प्रोजेक्टर देतो आणि तो आपल्या कुवतीप्रमाणे काहीतरी सांगून मोकळा होतो, सरकबटणाने ते उत्तर हा डबा स्वतः देतो. एवढं करूनही गप्पच असेल तर डिशच्या किंवा स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज डॉल्बीवरून पीसीएमवर, म्हणजे साध्या आवाजावर आणा.

स्विच मागताना स्प्लिटर आणू नका. स्विच म्हणजे चार आत, एक बाहेर. स्प्लिटर म्हणजे एक आत, दोन बाहेर, तो ज्याला एकच डिश टीव्हीवर पण पाहिजे आणि प्रोजेक्टरवर पण पाहिजे त्याच्यासाठी. दिसायला दोघं सख्खे भाऊ.

तिसरा रस्ता म्हणजे प्रोजेक्टरच्या ऑडिओ आउटमधून लांब वायर परत खाली आणायची. चालतं, स्वस्त पडतं, फक्त लांब वायरीत कधीकधी हुंऽऽ आवाज येतो. ब्लूटूथ स्पीकर पण चालतो पण त्यात आवाज शे-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो, म्हणजे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. क्रिकेटला कळत नाही, सिनेमाला डोकं उठतं. काही स्टिकमध्ये आणि साउंडबारमध्ये आवाज मागंपुढं करायची सोय असते, एव्ही सिंक किंवा लिप सिंक नावाने, तिथं थोडं थोडं सरकवून बघायचं.

प्रोजेक्टरच्या आतच ॲप असतील, अँड्रॉइडवाला असेल, तर आवाज वर जन्माला येतो, तो खाली आणायला वर सांगितलेलं ऑडिओ आउट नाहीतर एआरसी लागतं. प्रोजेक्टरचं एआरसीवालं भोक साउंडबारच्या एआरसीवाल्या भोकाला जोडायचं, त्याच वायरीतून आवाज उलटा खाली येतो. माझं मत विचाराल तर आतल्या ॲपच्या भानगडीत पडूच नका, दोन-तीन वर्षांत ते जुने होऊन अपडेट बंद होतात, खाली स्टिक लावा आणि प्रोजेक्टरला फक्त चित्र दाखवायचं काम द्या.

सुतळीने मोजा

वायरीची लांबी नजरेने ठरवू नका. सुतळी घ्या, प्रोजेक्टरच्या जागेपासून छताने भिंतीपर्यंत, भिंतीच्या कोपऱ्याने खाली, तिथून कपाटापर्यंत जशी वायर जाणार तशीच चिकटपट्टीने लावत न्या, मग सुतळी सोडवून टेपने मोजा आणि वर दोन-तीन फूट जास्तीचे धरा. लहान हॉलमध्ये सुद्धा हे २५-३० फुटांवर जातं, म्हणजे १० मीटरची वायर लागतेच.

प्रोजेक्टर कुठं टांगायचा हे आधी ठरलेलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको. कागदात थ्रो रेशो म्हणून आकडा असतो, पडद्याची रुंदी गुणिले तो आकडा म्हणजे पडद्यापासून लेन्सपर्यंतचं अंतर. १०० इंची पडदा म्हणजे कोपरा ते कोपरा १०० इंच, रुंदी साधारण ८७ इंच, म्हणजे सव्वासात फूट. रेशो १.२ असेल तर पावणेनऊ फूट लागणार, १.५ असेल तर ११ फुटांच्या जवळ. साखर पेठ, जोडभावी पेठेतल्या जुन्या घरांतल्या खोल्यांत ११ फूट मिळणं मुश्कील, तिथं कमी रेशोचाच प्रोजेक्टर बघा, नाहीतर पडदा ८० इंचावर आणा, काही बिघडत नाही. तिरका लावून कीस्टोनने (वाकडं चित्र चौकोनी करायची सेटिंग) सरळ करता येतो हे खरं, पण तेवढे पिक्सेल वाया जातात आणि चित्र मऊ पडतं, म्हणून होता होईल तो समोरासमोर टांगा आणि कीस्टोन शून्यावर ठेवा.

वायर, आणि माझी फोडलेली भिंत

मी घर रंगवायला काढलं तेव्हा मोठ्या हुशारीने १० मीटरची सगळ्यात स्वस्त एचडीएमआय भिंतीत कन्सील करून टाकली, वर पुट्टी, वर रंग. १०८० चित्राला सहा महिने व्यवस्थित चालली. मग नवा ४के प्रोजेक्टर आणि ४के स्टिक आली आणि दर पाच मिनिटाला पडदा काळा, मधूनच पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस. मी आधी स्टिक बदलून आणली, मग प्रोजेक्टरला शिव्या घातल्या, शेवटी शेजाऱ्याकडची दोन मीटरची वायर लावून, स्टूल रचून स्टिक वर नेऊन बघितली तर सगळं ठणठणीत. दोष वायरीचा. भिंत परत फोडली, पुट्टीवाल्याने दुसऱ्या खेपेचे वेगळे घेतले आणि रंगाची शेड आजपण जुळत नाही, तेवढ्या जागेवर आम्ही कॅलेंडर लावलंय.

कारण साधं आहे. एचडीएमआय २.० मधून ४के ६० फ्रेम चालवायचं तर वायरीची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट लागते, आणि तांब्याच्या तारेत एवढ्या वेगाचा सिग्नल लांबीबरोबर क्षीण होत जातो. १०८० ला त्याच्या मानाने फार कमी लागतं म्हणून ती वायर तेव्हा निभावून नेत होती. ढोबळ हिशोब असा ठेवा, १०८० असेल तर चांगल्या कंपनीची तांब्याची १० मीटर चालून जाते, ४के असेल तर ५ मीटरच्या पुढं तांब्याच्या भानगडीत न पडता ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आत काचेचे बारीक धागे असतात. महाग असते पण भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त.

ऑप्टिकलची दोन पथ्यं. एक म्हणजे तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, सोर्सवालं टोक खाली डब्याकडे, डिस्प्लेवालं वर प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर काहीच येत नाही आणि आपण तासभर रिमोट बडवत बसतो. दुसरं, काटकोनात मोडू नका आणि खिळा ठोकून आवळू नका, तांब्याची वायर सहन करते, काच करत नाही. आणि एआरसीने आवाज परत आणायचा असेल तर ती वायर एआरसी घेते का हे घेतानाच विचारा, सगळ्या घेत नाहीत.

इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं? वायर भिंतीत गाडू नको, जाड पाईप टाक, लाईटच्या साध्या पाईपमधून एचडीएमआयचा प्लग जात नाही, आणि कोपऱ्यात एल्बोच्या ऐवजी लांब बेंड वापर. पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवायची, उद्या वायर बदलायची झाली की दोरीला बांधून ओढून घ्यायची. लाईटची वायर त्याच पाईपात नको, तिचा पाईप वेगळा. भाड्याचं घर असेल तर बाहेरून पट्टी मारा, थोडी दिसते, पण घरमालकाशी भांडण नको. आणि वायर भिंतीत जायच्या आधी जमिनीवर पसरून अर्धा तास चित्र चालवून बघा. हे वाक्य मी सहा महिने उशिरा शिकलो.

खोचताना सगळं बंद

मेन बोर्डावरनं सगळं बंद करून मगच एचडीएमआय खोचा किंवा काढा. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं, डिशची जाड केबल आणि एचडीएमआयचा पत्रा एकदम हाताला लागला की मुंग्या येतात, तोच करंट प्रोजेक्टरच्या पोर्टात शिरला की पोर्ट जळतं आणि दुकानात बोर्डच बदला म्हणतात. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन तोडून दोन पिनांत घालायचा उद्योग करू नका. वादळी पावसात डिशची केबल डब्यातून काढून ठेवलेली बरी.

सुरू करताना क्रम असा ठेवा, आधी प्रोजेक्टर, मग साउंडबार किंवा स्विच, मग डबा. डबा उठल्या उठल्या समोर कोण आहे ते बघतो, प्रोजेक्टर झोपलेला असेल तर कधीकधी गोंधळतो. दर वेळी असं करावं लागत नाही, पण पहिल्या जोडणीला कराच.

आता एकेक डबा

डिशचा सेटटॉप बॉक्स सगळ्यात सोपा. एचडी बॉक्स असेल तर एचडीएमआयने साउंडबारला किंवा स्विचला, सेटिंगमध्ये १६:९ आणि १०८०. बॉक्स खाली कपाटातच ठेवा, वर प्रोजेक्टरजवळ ठेवला तर रिमोट मागं वळून मारावा लागतो आणि छताला डिशची केबल लोंबते. फ्री डिशचा जुना बॉक्स असेल आणि त्याला नुसत्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी असतील तर त्यापण लागतात, पण १०० इंचावर ते चित्र चाळणीतून बघितल्यासारखं दिसतं, एचडीएमआयवाला बॉक्स घेऊन टाका.

स्टिकला पॉवर तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरनेच द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीवर चालते असं वाटतं, लोगो येतो, मग मध्येच बंद होऊन परत सुरू, कारण ती यूएसबी पुरेसा करंट देत नाही. स्टिकबरोबर जो वीतभर वायरीचा तुकडा येतो तो फेकू नका, तो लावला की स्टिक डब्याच्या पाठीला चिकटून तापत नाही आणि वायफायपण बरं पकडते. अजून एक, स्टिकमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त दाखवणारं चित्र) सुरू असतं आणि घरगुती प्रोजेक्टरला तेवढा उजेड झेपत नाही म्हणून सिनेमा अंधारात बुडाल्यासारखा दिसतो. एचडीआर बंद करून बघा, निम्म्या लोकांची तक्रार तिथंच मिटते.

लॅपटॉपला एचडीएमआय खोचा आणि विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबा. डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच, एक्स्टेंड म्हणजे प्रोजेक्टर वेगळा पडदा, आणि सेकंड स्क्रीन ओन्ली म्हणजे फक्त प्रोजेक्टर. सिनेमा बघायचा तर शेवटचंच घ्या, कारण डुप्लिकेटमध्ये जुन्या लॅपटॉपचं १३६६ बाय ७६८ च पडद्यावर जातं आणि कडेला धूसर दिसतं. आवाज अजून लॅपटॉपमधूनच येत असेल तर खाली घड्याळाशेजारी स्पीकरच्या चिन्हावर जाऊन एचडीएमआयवालं नाव निवडा, तो आपोआप बदलेल याची खात्री नाही. नव्या लॅपटॉपला नुसतं टाईप सी असेल तर ते चित्र देणारं आहे का ते बघा, काही टाईप सी फक्त चार्जिंगला असतात.

मोबाईलचं पण तेच. टाईप सी ते एचडीएमआय वायर सगळ्या मोबाईलला चालत नाही, सॅमसंगच्या एस मालिकेतल्या फोनला, आयफोन १५ पासून पुढं चालते, पण १५-२० हजारांच्या बहुतेक मोबाईलला नाही, ऑनलाईन वायर मागवायच्या आधी मोबाईलची माहिती वाचा. त्यापेक्षा कास्ट करा, स्टिक आणि मोबाईल एकाच वायफायवर पाहिजेत. कास्ट आणि मिररमध्ये फरक आहे. मिरर म्हणजे मोबाईलचा आख्खा पडदा तिकडं दिसतो, बॅटरी खातो, अडखळतो, मध्येच काकूंचा व्हॉट्सॲप मेसेज पाहुण्यांसमोर झळकतो. कास्ट म्हणजे मोबाईल नुसता कुठला व्हिडिओ लावायचा ते सांगतो आणि स्टिक तो नेटवरून स्वतः ओढते. काही ओटीटीची ॲप मिररला काळा पडदा दाखवतात, आवाज येतो आणि चित्र नाही. ते बिघडलेलं नसतं, कॉपी होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असतं. अशीच भानगड ४के ला जुन्या स्विचमुळे होते, ४के ओटीटीला सगळ्या साखळीत एचडीसीपी २.२ (तसंच कॉपी रोखणारं कुलूप) लागतं, मधला एक डबा जुना असला की चित्र १०८० वर उतरतं किंवा येतच नाही.

गेमवाल्या पोरांसाठी एवढंच, प्रोजेक्टरमध्ये गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावर उडी उशिरा पडते, आणि आवाज वायरीने न्या, ब्लूटूथने नको.

पेनड्राईव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाईल कॉपी होत नसेल तर पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये आहे, एक्सफॅट करा, पण तुमचा प्रोजेक्टर एक्सफॅट वाचतो का ते आधी बघा, आणि फॉरमॅट मारला की आतलं सगळं जातं हे लक्षात असू द्या. चित्र येतं आणि आवाज नाही असं झालं तर फाईलमधला आवाज डॉल्बीचा असतो आणि स्वस्त प्रोजेक्टरला तो समजत नाही. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणारी, एकाच फाईलमध्ये तेलुगू आणि हिंदी असे दोन आवाज असले की प्रोजेक्टर कधी कधी पहिलाच लावतो आणि बदलू देत नाही, मग आजी तेलुगू मागते आणि नातू हिंदी. तोच पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावून चांगल्या प्लेअरमध्ये चालवा, आवाजाची भाषा निवडता येते.

आता माझ्या आवडीचं, लग्नाची कॅसेट. आईबाबांच्या लग्नाची व्हीसीआरवाली असेल किंवा दादाच्या लग्नाची डीव्हीडी असेल, मोठ्या पडद्यावर सगळ्या नातेवाइकांना बसवून दाखवायची मजा वेगळी आहे, गेलेली माणसं हॉलभर मोठी होऊन वाढपं करताना दिसतात. प्लेअरच्या पिवळी-लाल-पांढरी वायरीतली पिवळी म्हणजे चित्र, ती प्रोजेक्टरच्या पिवळ्याला, लाल-पांढरी म्हणजे आवाज, ती वर नेऊच नका, सरळ खाली जुन्या होम थिएटरला द्या. प्रोजेक्टरला नुसतं बारीक भोक असेल तर त्याच्याबरोबर आलेलीच जोडवायर वापरा. बाहेरून आणलेल्या वायरीत आतल्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो, चित्र आलं नाही तर पिवळी काढून लाल टोकाला लावून बघा, बऱ्याचदा तिथं सापडतं. एव्हीचं भोकच नसेल तर कन्व्हर्टर लागतो, मागताना नीट सांगा, एव्ही टू एचडीएमआय. एचडीएमआय टू एव्ही नावाचा हुबेहूब डबा मिळतो तो उलट काम करतो. चित्राचा आकार ४:३ ठेवा, नाहीतर १६:९ ला ताणून सगळं वऱ्हाड जाडजूड दिसतं. हे चित्र मुळात ५७६ ओळींचं, त्यामुळे पडदाभर करण्यापेक्षा झूम कमी करून ६०-७० इंचात बघा.

नो सिग्नल आलं तर

घाबरायचं नाही. आधी प्रोजेक्टरच्या रिमोटवर सोर्स दाबून बरोबर एचडीएमआय निवडलंय का बघा, निम्म्या वेळा एवढंच असतं. मग स्विचवर किंवा साउंडबारवर बरोबर नंबर आहे का बघा. मग सगळं बोर्डावरून बंद, मिनिटभर थांबा, वर सांगितलेल्या क्रमाने सुरू. तरी नाही तर मधले सगळे डबे काढा, डबा आणि प्रोजेक्टर यांच्यात एकच छोटी वायर लावा. आलं, तर एकेक करून परत मध्ये घाला, ज्याच्यावर बंद पडलं तो चोर. छोट्या वायरीवर पण आलं नाही तर तो डबा शेजाऱ्याच्या टीव्हीला लावून बघा.

सोलापूरचं ऊन, धूळ आणि लाईट

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि बऱ्याच प्रोजेक्टरच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ किंवा ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. छताजवळ गरम हवा साठते, त्यामुळे दुपारी लावला की पंखा ओरडतो किंवा टेंपरेचरचा दिवा लागतो. मागे-बाजूला हवेला मोकळी जागा ठेवा, पीओपीच्या खणात बंद करू नका, उन्हाळ्यात रात्री बघा. धूळ तर बारा महिने आहेच, फिल्टर असेल तर महिन्यातून एकदा काढून हलक्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नको.

दिव्याचा म्हणजे लॅम्पवाला प्रोजेक्टर असेल तर लाईट गेली की दिवा तापलेलाच राहतो आणि पंखा थांबतो. त्याला छोटा यूपीएस द्या, सिनेमा बघायला नाही, बंद करून पंखा दोन-चार मिनिटं फिरवायला. एलईडी आणि लेझरवाल्यांना एवढी काळजी नाही. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल तरच त्याच्यावर चालवा.

आणि अंधार. दिवसा मॅच बघायची तर खिडकी बंद पाहिजे, त्याला आपल्या घरात मुबलक असलेली वस्तू म्हणजे सोलापुरी चादर. दुहेरी करून खिडकीवर टांगली की बाजारातल्या स्वस्त पडद्यापेक्षा जास्त काळोख होतो, हे मी करून बघितलंय. तिचा पडदा म्हणून वापर मात्र करू नका, मावसभावाने पहिल्या दिवशी तोही केला होता, खेळाडूंच्या तोंडावर मोर नाचत होते.

त्याच्याकडे शेवटी काय केलं? स्टिक वरून काढली, खाली आणली, एक ऑडिओवाला स्विच आणला, ऑप्टिकलने साउंडबार जोडला, १० मीटरची एक वायर वर गेली. तासाभराचं काम. मग पांढरी चिकटपट्टी घेऊन स्विचवर १ डिश, २ स्टिक, ३ लॅपटॉप असं लिहिलं, आणि मावशीसाठी रिमोटच्या मागे एक चिठ्ठी: आधी प्रोजेक्टर, मग साउंडबार, मग डिश. बंद करताना प्रोजेक्टर रिमोटने, पंखा थांबेपर्यंत थांबायचं, बोर्डाचं बटण सगळ्यात शेवटी.